साल गेलेलं झाड उशिरा मरतं: कॅमेरूनच्या डोंगरातल्या पायजियमचं एक प्रकरण

प्रकरण कशाचं

कॅमेरूनच्या वायव्य भागात ओकू पर्वताभोवती कीलुम-इजिम नावाचं डोंगरी रान आहे. इथल्या प्रुनस आफ्रिकाना (औषधांच्या बाजारात 'पायजियम') या झाडाची साल प्रोस्टेटच्या औषधासाठी युरोपात जाते. २००० ते २०१० या काळात इथल्या सामुदायिक वनांसमोर एकच पेच वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला. सालीला गिऱ्हाईक आहे, गावाला पैसा हवा आहे, मग झाड न मारता साल किती आणि कशी काढायची? त्या वनांमध्ये आलेले प्रसंग आणि घेतलेले निर्णय इथे एकाच वनाच्या रूपात मांडले आहेत. गाव, व्यापारी आणि गटाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

झाडाची ओळख

प्रुनस आफ्रिकाना हे गुलाबकुळातलं, म्हणजे बदाम, आलुबुखार आणि चेरी यांच्या घराण्यातलं सदाहरित झाड आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत प्रुनसची ही एकच रानटी जात मूळची मानली जाते. सखल, उष्ण रानात ती आढळत नाही. साधारण ९०० मीटरच्या वर, थंड आणि धुक्याच्या डोंगरात ती वाढते. कॅमेरून, बिओको बेट, इथिओपिया, केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर अशी ती पसरलेली असली, तरी हे डोंगर एकमेकांपासून दूर आहेत. त्यामुळे प्रत्येक ठिकाणचं रान बेटासारखं एकटं आहे, आणि एका डोंगरावरची झाडं संपली तर शेजारच्या डोंगरावरून बी आपोआप येत नाही.

रानात ते ओळखायच्या खुणा अशा. खोड सरळ, झाड ३० मीटरपर्यंत किंवा त्याहून उंच. साल काळपट तपकिरी आणि खडबडीत, चौकोनी खपल्यांची. पानं एकाआड एक, चकचकीत, कडा बारीक दातेरी, देठ गुलाबी-तांबूस. पान चुरगाळलं की कडू बदामाचा वास येतो. फुलं लहान, पांढरट, पानांच्या बेचक्यातल्या तुऱ्यांवर येतात. फळ सेंटिमीटरभराचं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, पिकल्यावर जांभळट तपकिरी होतं. ते पक्षी आणि माकडं खातात आणि बी पसरवतात. फुलांवर मधमाश्या येतात. ओकूच्या ज्या पांढऱ्या मधाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो याच रानातला. त्याचे मुख्य स्रोत वेगळे असले तरी मधपाळ हे झाडही जपतात, आणि या प्रकरणात त्या गोष्टीचा पुढे उपयोग झाला.

वनस्पतिशास्त्रात या झाडाला आधी पायजियम आफ्रिकानम म्हणत. गुस्ताव मान या संग्राहकाने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेच्या डोंगरांवरून नमुने पाठवले आणि जोसेफ हूकरने ते नाव दिलं. (हाच मान पुढे आसामात वनखात्यात आला.) १९६५ मध्ये काल्कमान याने ही जात प्रुनसमध्ये हलवली, पण औषधांच्या बाजारात जुनं नावच टिकलं. बाटलीवर आजही 'पायजियम' लिहिलेलं असतं. पूर्वी पायजियममध्ये मोडणारं प्रुनस सेलॅनिका हे झाड सह्याद्रीच्या सदाहरित रानातही आहे. दोघांचं कूळ एक, प्रदेश आणि उपयोग वेगळे. सह्याद्रीतल्या झाडाची साल प्रोस्टेटचं औषध म्हणून घेण्याला या प्रकरणातून कोणताही आधार मिळत नाही.

साल औषधात कशी आली

ज्या ज्या डोंगरांत हे झाड आहे, तिथल्या वैदूंना ते परंपरेने माहीत आहे. कॅमेरूनच्या डोंगरी भागात ताप, हिवताप, पोटदुखी आणि छातीच्या दुखण्यावर सालीचा काढा देतात. पूर्व आफ्रिकेत पोटाच्या तक्रारींवर आणि गुरांना जुलाब होण्यासाठीही ती वापरतात. दक्षिण आफ्रिकेत म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या त्रासावर सालीचा उपयोग होता, आणि युरोपीय औषधाचं मूळ तिथेच सांगितलं जातं. वैदू एका झाडाची तळहाताएवढी साल काढतो. एवढ्या जखमेने झाडाला काही होत नाही. व्यापाराचं माप मात्र पोत्यांनी मोजलं जातं.

१९६६ मध्ये फ्रान्समध्ये सालीच्या अर्काचं पेटंट घेतलं गेलं आणि त्यानंतर काही वर्षांतच तो गोळ्यांच्या रूपात विकायला आला. हा अर्क चरबीत विरघळणाऱ्या घटकांचा असतो. त्यात बीटा-सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतिज स्टेरॉल्स, उर्सोलिक आणि ओलिॲनोलिक आम्लं आणि फेरुलिक आम्लाचे एस्टर असतात. ते सूज कमी करतात आणि प्रोस्टेटच्या पेशींची वाढ रोखतात, अशी मांडणी आहे. १८ चाचण्या आणि १,५६२ पुरुष यांचा एकत्रित आढावा वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने घेतला. त्यात रात्री लघवीला उठणं १९ टक्क्यांनी कमी झालं, मूत्राशयात उरणारी लघवी २४ टक्क्यांनी घटली आणि धारेचा वेग २३ टक्क्यांनी वाढला. मात्र बहुतेक चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या होत्या. परिणाम आहे, पण मध्यम आहे. शिवाय लघवीच्या तक्रारीमागे कर्करोगही असू शकतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणं सोडू नये. घरी साल उकळून घेतलेला काढा हा या अर्काचा पर्याय नाही. पाण्यात वेगळे घटक उतरतात, आणि या कुळात सायनाइड सोडणारं अमिग्डालिनही असतं.

आता हिशेब. साधारण २,००० किलो ओल्या सालीची १,००० किलो कोरडी साल होते आणि तिच्यातून ५ किलो अर्क निघतो. रोजचा डोस १०० मिलिग्रॅम धरला तर एका माणसाला वर्षाला ३६.५ ग्रॅम अर्क लागतो, म्हणजे सुमारे साडेचौदा किलो ओली साल. नीट काढणी केली तर मोठ्या झाडामागे सरासरी ५५ किलो ओली साल मिळते, असं कॅमेरूनमध्ये धरलं जाई. म्हणजे एक झाड चार माणसांना जेमतेम वर्षभर पुरतं, आणि मग त्या झाडाला बरीच वर्षं हात लावायचा नसतो. या सगळ्या पेचाची मुळं या एका गुणाकारात आहेत.

पार्श्वभूमी

कॅमेरूनमध्ये १९७२ पासून एका फ्रेंच औषधगटाची उपकंपनी साल गोळा करत होती. बराच काळ तिची मक्तेदारी होती आणि तिच्या टोळ्यांना काढणीचं शिक्षणही होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर इतर अनेकांना परवाने मिळाले आणि शिस्त मोडली. झाडं पूर्ण सोलली गेली, काही तर सालीसाठी तोडली गेली. १९९५ पासून ही जात साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, म्हणजे निर्यातीला परवाना लागतो आणि काढणीमुळे रानातल्या झाडांना धोका नाही असं देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाला दाखवावं लागतं. १९९८ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तिची 'असुरक्षित' म्हणून नोंद झाली.

या वनाची मालकी सरकारची आहे, पण तेव्हाच्या, १९९४ च्या वन कायद्याने गावाला ते सांभाळायला घेता येई. त्याची कमाल मर्यादा ५,००० हेक्टर होती. करारासाठी 'साधा व्यवस्थापन आराखडा' लिहावा लागे आणि तो दर ५ वर्षांनी तपासला जाई. गावात फॉन, म्हणजे पारंपरिक राजा, आणि क्विफॉन ही नियमन करणारी परंपरागत सभा आहे. कागदावर व्यवस्थापन समिती असते, पण रानात बंदी घातली गेल्याची खूण क्विफॉनने लावली तरच लोक ती खरी मानतात. १९८७ पासून इथे पक्षिसंवर्धनाचा प्रकल्प होता. बॅनरमनचा तुराको हा फक्त या डोंगरांतला पक्षी त्याचं केंद्र होता. २००० च्या दशकाच्या मध्याला त्या प्रकल्पाचा आधार संपला आणि जंगलरक्षणाचा खर्च गावावर आला. साल विकण्याची घाई इथून सुरू होते.

अडचण

व्यापारी आला, रोख पैसे देऊ म्हणाला. आराखड्यात प्रुनसबद्दल जेमतेम एक परिच्छेद होता: 'दोन समोरासमोरचे चतकोर सोलावेत'. कुठली झाडं, किती, परत कधी, याचा उल्लेख नव्हता. काढणी झाली. काही महिन्यांनी रान पाहिलं तर झाडं हिरवीच होती, त्यामुळे सगळं ठीक आहे असा सगळ्यांचा समज झाला.

चूक इथेच झाली, आणि ती समजायला झाडाच्या आत पाहावं लागतं. मुळांनी ओढलेलं पाणी लाकडाच्या बाहेरच्या थरातून वर जातं. पानांनी तयार केलेली साखर मात्र सालीच्या आतल्या थरातून खाली येते. सभोवार साल काढली तरी पाणी वर जातच राहतं. पानं हिरवी राहतात, झाड फुलतंसुद्धा. मुळांना मात्र अन्न मिळत नाही. साठा संपला की ती मरू लागतात, पाणी कमी पडतं, आणि मग शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागतात. सोलणं आणि वाळणं यांच्यात महिने, कधी वर्षं जातात. तोवर पैसे वाटून झालेले असतात, टोळी गेलेली असते आणि नवा व्यापारी दारात असतो. उघड्या खोडात अळ्या शिरल्या की झाड आणखी लवकर जातं.

प्रुनस आफ्रिकानाचा एक गुण या गोंधळात भर घालतो: साल परत धरण्यात ही जात फार चिवट आहे. साल आणि लाकूड यांच्यामधला ओला, गुळगुळीत कॅम्बियमचा थर शाबूत राहिला तर उघड्या खोडावर नवी साल येते. म्हणून 'हे झाड मरत नाही' असं गावात सर्रास म्हणत. कोयत्याने तो थर खरवडला गेला तर मात्र तिथे काहीच येत नाही.

दुसऱ्या हंगामानंतर मधपाळांनी समितीला सांगितलं की वरच्या उतारावरच्या प्रुनसचे शेंडे झडतायत. पहिली सूचना त्यांच्याकडून आली, कारण दर हंगामात झाडाखाली उभं राहून वर बघणारे तेच होते. पाठोपाठ बाहेरून मोठा धक्का आला. २००६ मध्ये साइट्सने कॅमेरूनसह अनेक देशांच्या या व्यापाराचा आढावा घेतला आणि २००७ च्या अखेरीस युरोपीय संघाने कॅमेरूनहून साल घेणं थांबवलं. गोदामात वाळलेली पोती पडून राहिली.

पर्याय

समितीत चार मतं होती.

पहिलं, साल काढणं कायमचं बंद करावं. क्विफॉनमधल्या वडीलधाऱ्यांचा कल तिकडे होता. पण रखवालदारांचा पगार निघाला नाही तर चोरटे येतील आणि ते चतकोर मोजत बसणार नाहीत, ही भीतीही खरी होती. व्यापार थांबलेल्या काळातही रात्री साल सोलली जात होती.

दुसरं, सगळं रान एका मोठ्या व्यापाऱ्याला ठेक्याने द्यावं, त्याची टोळी आणि त्याचीच जबाबदारी. यात गावाला सर्वांत कमी कष्ट होते आणि लगेच पैसे होते. हा पर्याय आमच्या मते सर्वांत वाईट होता. ठेकेदाराचा संबंध एका हंगामाचा, झाडाचं मरण त्यानंतरचं. त्याच्याकडे थांबण्याचं कारणच नसतं.

तिसरं, गावानेच मोजणी करावी, झाडांना क्रमांक द्यावेत, आपलीच माणसं शिकवून ठरावीक कोट्याएवढीच साल काढावी आणि व्यापार उघडेल तेव्हा ती विकावी.

चौथं, रानातलं सोडून शेताच्या बांधावर झाडं लावावीत. हे सर्वांना पसंत होतं, पण लावलेलं झाड सालीला यायला किमान १२ ते १५ वर्षं लागतात.

समितीने तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र घेतला, आणि मोजणी होईपर्यंत क्विफॉनकडून बंदीची खूण लावून घेतली. क्रम महत्त्वाचा होता. आधी बंदी घातल्यामुळे मोजणी शांतपणे झाली.

काय केलं

*मोजणी.* आखलेल्या पट्ट्यांतून चालत, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेर मोजला गेला. टेप घेराचा असतो, नियम व्यासाचे. व्यास काढायला घेराला ३.१४ ने भागायचं, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाचं झाड ९४ सेंटिमीटर घेराचं. पहिल्या दिवशी काहींनी घेराचाच आकडा व्यासाच्या रकान्यात लिहिला. तसंच चाललं असतं तर १० सेंटिमीटर व्यासाची पोरसवदा झाडंही काढणीच्या यादीत गेली असती. सायंकाळी वही तपासताना हे लक्षात आलं. पुढे त्यांनी टेपवर ९४ सेंटिमीटरपाशी तांबडी रेघ मारली: रेघेच्या आत घेर आला तर झाडाला हात लावायचा नाही.

प्रत्येक झाडामागे चार नोंदी झाल्या: घेर, पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतची उंची, आधी सोललं आहे का आणि किती, आणि शेंडा. शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या असतील तर झाड थेट यादीबाहेर. ते उद्या मरणारच आहे, मग साल का सोडायची, असा वाद झाला. यादीबाहेरच ठेवायचं ठरलं, आणि ते बरोबर होतं. एकदा 'मरतंच आहे' ही सवलत दिली की सोलणारा आधी झाड मरणाला लावतो.

*कोटा.* हा हिशेब उदाहरणानेच नीट कळतो. समजा, मोजणीत ३० सेंटिमीटरवरची १,००० झाडं आली आणि धड शेंड्याची, न सोललेली ६०० निघाली. प्रत्येकी ५५ किलो म्हणजे ३३,००० किलो ओली साल. व्यापारी हाच आकडा सांगतो. पण एकदा सोललेलं झाड ५ वर्षांनी परत सोलायचं असेल तर वर्षाचा वाटा ६,६०० किलो होतो, आणि ८ वर्षांनी असेल तर ४,१२५ किलो, म्हणजे कोरडी सुमारे २,०६० किलो आणि अर्क १० किलोंच्या आसपास. जुने नियम ४-५ वर्षांचं अंतर सांगत. पुढच्या निरीक्षणांत ते अपुरं ठरलं, कारण नवी साल जुन्यापेक्षा पातळ असते आणि तितक्या वर्षांत झाड सावरलेलं नसतं. समितीने ८ वर्षं धरली. उत्पन्न एवढं कमी होणार म्हणून बैठक तुटायची वेळ आली होती.

५५ चा आकडाही सरसकट लावता येत नाही. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाडावर ५ मीटर लांबीची, अर्ध्या घेराची साल काढली तर क्षेत्र सुमारे २.३५ चौरस मीटर होतं. साल एक सेंटिमीटर जाड आणि ओल्या सालीचं वजन पाण्याएवढं मानलं तर जेमतेम २४ किलो. कोटा ५५ ने काढला आणि रानात बारीक झाडं जास्त असली, तर कोटा पुरा करायला माणसं आपोआप तिसरा चतकोरही सोलतात. म्हणून घेराचे दोन गट करून कोटा वेगवेगळा काढला गेला.

*सोलणं.* ३० ते ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाच्या घेराचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन सोलायचे. ५० च्या वरच्या झाडाचे आठ भाग करून एकाआड एक चार सोलायचे. मोठ्या झाडावर पट्टे अरुंद ठेवायचं कारण सोपं आहे. जखम कडांकडूनही भरून येते, आणि रुंद जखमेचा मध्य कडांपासून दूर पडतो. सुरुवात जमिनीपासून एक मीटरवर, शेवट पहिल्या मोठ्या फांदीखाली. फांद्यांना आणि मुळांना हात लावायचा नाही.

रेघा आधी खडूने मारायच्या, नजरेने नाही. दोरीने घेर घेऊन दोरीच चार पदरी दुमडली की चतकोर मिळतो. कोयत्याने उभे छेद सालीपुरतेच द्यायचे. कोयता लाकडाला लागला की आवाज बदलतो, तो ओळखायला शिकवायला दोन दिवस लागले. मग टणक लाकडाची पाचर आत सारून साल उचकटायची. लोखंडी पहार वापरायची नाही, तिने कॅम्बियम खरवडला जातो. उघड्या भागाला हात किंवा कापड लावायचं नाही. काम पावसाळ्यात करायचं: तेव्हा साल सहज सुटते आणि उघडा थर लगेच सुकत नाही. कोरड्या हरमॅटन वाऱ्यात सोललेलं खोड दोन दिवसांत कडक होतं आणि तिथे नवी साल धरत नाही. पण पावसात साल वाळवणं अवघड, म्हणून व्यापाऱ्यांचा कल नेमका कोरड्या ऋतूकडे असतो.

*क्रमांक.* झाडांवर रंगाने क्रमांक टाकले, आणि पहिल्या फेरीत बऱ्याच झाडांचे क्रमांक सोललेल्या पट्ट्याबरोबर पोत्यात गेले. मग कुठलं झाड कधी सोललं याचा पुरावाच उरला नाही. दुसऱ्या वेळी क्रमांक राखलेल्या पट्ट्यावर आणि सोलण्याच्या वर्षाची खूण एक मीटरच्या खाली टाकली.

*वाळवणं आणि वजन.* साल हाताएवढ्या तुकड्यांत तोडून मांडवावर, जमिनीपासून वर, पातळ पसरली. ढीग केला की आत गरम होऊन बुरशी येते आणि पोतं परत येतं. गावात ओल्या किलोवर मजुरी आणि व्यापाऱ्याकडे कोरड्या किलोवर विक्री असल्याने 'अर्धा माल कुठे गेला' हा आरोप दर वर्षी होई. त्यावर उपाय म्हणून एक पोतं सर्वांसमोर ओलं तोललं, त्याच पोत्यातली साल वेगळी वाळवली आणि परत तोलून दाखवली.

*रोपं.* बी ताजं असलं तरच उपयोगी. पिकलेली फळं गोळा करून गर लगेच काढला, बी धुऊन सावलीत ठेवलं आणि थोड्याच दिवसांत ओल्या, मऊ मातीत पेरलं. ज्यांनी घरी पिशवीत सुकवून महिन्यांनी पेरलं त्यांचं जवळपास काहीच उगवलं नाही. हे बी मूग-हरभऱ्यासारखं कोरडं साठवता येत नाही. काहींनी मोठ्या झाडाखालची उगवलेली रोपं आणून लावली, ती चांगली जगली.

काय झालं

पुढच्या काही वर्षांत कॅमेरूनने भागवार मोजणी, ठरावीक कोटा आणि वाटून दिलेली क्षेत्रं अशी पद्धत मांडली आणि युरोपीय व्यापार मर्यादित प्रमाणात परत सुरू झाला. ज्या वनांकडे मोजणीची वही होती त्यांना बोलायला जागा मिळाली. या वनाला मिळालेला वाटा व्यापाऱ्याच्या जुन्या खरेदीपेक्षा खूप कमी होता. रखवालदारांचा पगार त्यातून निघाला, गावाची रस्त्याची आणि शाळेची मोठी स्वप्नं नाही.

पहिल्या नियमबद्ध हंगामात एक गोष्ट फसली. शिक्षण नीट झालं, रेघा नीट मारल्या गेल्या, पण मजुरी ओल्या किलोवरच राहिली. दिवसाच्या शेवटी, पर्यवेक्षक खाली उतरल्यावर, उंचावरचे पट्टे रुंद झाले. खालून चतकोर आणि वरच्या टोकाला पाऊण घेर, अशी झाडं सापडली. झाडाच्या दृष्टीने सर्वांत अरुंद शिल्लक पट्टा महत्त्वाचा असतो, खालची सुबक रेघ नाही. पुढच्या हंगामात मजुरी झाडामागे ठरवली: झाड तपासून मान्य झालं तरच पैसे, वजन कितीही असो. पट्टे लगेच अरुंद झाले.

बांधावरची झाडं वाढत आहेत. शेतातली साल आणि रानातली साल परवान्याच्या कागदावर वेगळी कशी दाखवायची हा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नाही, आणि त्यामुळे काहींनी झाडं काढून बटाटा लावला. २०१६ च्या अखेरीपासून या भागात सुरू झालेल्या संघर्षाने रानातली फेरतपासणी विस्कळीत झाली. आठ वर्षांचं अंतर पाळायला आठ वर्षं कुणीतरी रानात जाऊ शकलं पाहिजे, आणि ते गावाच्या हातात राहिलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मजुरीचा प्रश्न पहिल्या बैठकीत घ्यायला हवा होता. चतकोरांवर सगळी चर्चा झाली आणि पैसे कशावर द्यायचे हे 'नेहमीप्रमाणे' म्हणून सोडून दिलं गेलं. ज्या क्षणी किलोवर पैसे द्यायचं ठरतं, त्या क्षणी बाकीचे नियम दुबळे होतात.

काढणीनंतरची पाहणी शेंड्याची हवी, खोडाची नाही. सोललेल्या खोडावर नवी साल आली की सगळे खूश होतात, पण मुळांची उपासमार शेंड्यावर दिसते. ६ महिने, १ वर्ष आणि ३ वर्षांनी त्याच क्रमांकाच्या झाडाचा शेंडा पाहणं हे काम मधपाळांना मजुरी देऊन सोपवता आलं असतं. ते तसेही तिथे जातात. पहिली सूचना त्यांनीच दिली होती, आणि तरी त्यांना समितीत जागा नव्हती.

थोडी मोठी, फळणारी झाडं पूर्णपणे बियांसाठी राखायला हवी होती. कोट्याच्या हिशेबात सर्वांत जाड झाडं आधी जातात, कारण ती सर्वांत जास्त साल देतात. पण बीही तीच सर्वांत जास्त देतात. प्रत्येक उतारावर अशी काही झाडं निवडून त्यांवर क्विफॉनची खूण कायमची लावणं कठीण नव्हतं.

आपल्याकडे अर्जुन आणि अशोक यांची साल आयुर्वेदिक औषधांसाठी काढली जाते, आणि त्या झाडांतही साखर सालीतूनच खाली येते. घेराचे भाग, परत येण्याचं वर्ष आणि मजुरीचा पाया हे तिन्ही प्रश्न तिथेही विचारण्यासारखे आहेत. प्रुनसचे आकडे मात्र तिथे उचलून लावू नयेत. साल परत धरण्याची ताकद जातीजातीत वेगळी असते. म्हणून आधी मोजक्या झाडांवर सोलून, निदान दोन पावसाळे शेंडा पाहून मगच अंतर ठरवावं.